दहा हजार रुपयांत घरातले कार्यालय : आधी माप, मग खरेदी

घरून काम करण्याची वेळ आली की बहुतेक जण पहिल्यांदा टेबल विकत घेतात, मग त्या टेबलाला शोभेल अशी खुर्ची आणतात, आणि शेवटी त्या दोन्हींशी जुळवून घेण्याचे काम मान, खांदे आणि कंबर यांच्यावर सोपवतात. हा क्रम उलटा आहे. बसणाऱ्याच्या तळपायापासून सुरुवात करून गुडघा, कोपर आणि डोळा यांची उंची आधी मोजली आणि त्यानंतरच पैसे खर्च केले, तर थोडक्या पैशांतही दिवसाचे आठ तास सुखाने बसता येईल अशी जागा तयार होते. या लेखात डोळ्यांसमोर ठेवलेले घर म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे किंवा नाशिक इथला वन बीएचके फ्लॅट. त्यात कामासाठी स्वतंत्र खोली मिळणार नाही, काम लॅपटॉपवर होणार आहे, आणि एकूण खर्च सुमारे १०,००० रुपयांत बसवायचा आहे.

पहिली पायरी : स्वतःचे माप

घरातील एखाद्या सपाट, कठीण बैठकीच्या स्टुलावर किंवा लाकडी खुर्चीवर अनवाणी बसावे. अनवाणी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण कंपनीत आपण बूट घालून बसतो आणि घरात चप्पलही घालत नाही. त्यामुळे तिथे बरोबर वाटणारी खुर्ची घरी दोन-तीन सेंटीमीटरने उंच ठरते. तळपाय पूर्ण जमिनीला टेकलेले, गुडघे काटकोनात, पाठ सरळ पण ताठरलेली नाही, अशा स्थितीत घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून टेपने चार मापे घ्यावीत. पहिले, जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत: ही बैठकीची उंची. दुसरे, दंड शरीराला लागून सैल सोडून कोपर काटकोनात वाकवल्यावर जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत: ही कीबोर्डची उंची. तिसरे, जमिनीपासून डोळ्यापर्यंत: ही स्क्रीनच्या वरच्या कडेची उंची. चौथे, पाठ भिंतीला टेकवून बसल्यावर भिंतीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत: यातून दोन-तीन बोटे वजा केली की बैठकीची खोली मिळते.

पाच फूट तीन इंच, म्हणजे सुमारे १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे उदाहरण घेतले तर बैठक साधारण ४० सेंटीमीटर, कोपर ६२ च्या आसपास आणि डोळा ११० च्या आसपास येतो. आता बाजारातील तयार टेबल मोजून पाहावे. ते बहुधा ७५ सेंटीमीटर, म्हणजे अडीच फुटांचे असते आणि जेवणाचे टेबलही तेवढेच. कोपर ६२ वर आणि टेबल ७५ वर, हे १३ सेंटीमीटरचे अंतर भरून काढण्यासाठी शरीर नकळत खांदे वर उचलते आणि दिवसभर तसेच धरून ठेवते. संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंत जी ओढ जाणवते, तिचा उगम बऱ्याचदा या फरकात असतो. मध्यम आणि कमी उंचीच्या स्त्रियांना हा त्रास अधिक होतो, कारण बाजारातील टेबल त्यांच्या मापाने बनलेलेच नसते.

ही चार मापे एका कागदावर लिहून तो कागद खरेदीला जाताना सोबत ठेवावा.

दुसरी पायरी : जागा ठरवणे

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: खिडकी कोणत्या बाजूला येते, विजेचे बटण आणि तीन पिनांचे सॉकेट किती लांब आहे, आणि घरातील माणसांची ये-जा कुठून होते. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात आणि पाठीमागे असली तर तिचे प्रतिबिंब स्क्रीनवर पडते, शिवाय व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा काळा दिसतो. म्हणून खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला यावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी ती डावीकडे ठेवली तर वहीवर हाताची सावली पडत नाही. वास्तुशास्त्राप्रमाणे पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून बसण्याचा अनेक घरांत आग्रह असतो. तो पाळायचा असेल तर अवश्य पाळावा, परंतु त्या दिशेच्या अटीत राहूनही खिडकी बाजूला येईल असा कोपरा शोधावा.

हॉलमध्ये बसायचे असेल तर मुख्य दरवाजा आणि स्वयंपाकघर यांना जोडणारी वाट टाळावी. बेडरूममधील कोपरा शांत असतो, पण पलंगावर बसून काम करण्याचा मोह तिथे अधिक होतो. बंद केलेली बाल्कनी अनेकांना आदर्श वाटते. सकाळी ती तशी असतेही. पण पश्चिमेची असेल तर दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही आणि पावसाळ्यात तिच्या भिंतींना ओल येते. तिथे काही बांधून घेण्यापूर्वी एक पूर्ण दिवस साध्या खुर्चीवर बसून काम करून पाहावे.

तिसरी पायरी : खुर्ची

दहा हजारांपैकी सर्वांत मोठा वाटा खुर्चीला द्यावा, आणि ती शक्यतो वापरलेली घ्यावी. कमी किमतीची नवी फिरती खुर्ची दिसायला झकास असते, पण तिचा फोम वर्षभरात बसतो आणि पाठ मागे कलते. याउलट मोठ्या कार्यालयांसाठी बनलेली खुर्ची रोजच्या दणकट वापराच्या हिशेबाने तयार केलेली असते. कार्यालये जागा बदलतात किंवा नूतनीकरण करतात तेव्हा अशा खुर्च्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत येतात. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवरा भागातील फर्निचरची दुकाने यासाठी प्रसिद्ध आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फेरी मारता येते. अडीच ते साडेतीन हजारांत चांगली खुर्ची मिळण्यासारखी असते, मात्र ती निवडताना घाई करू नये.

दुकानात तपासणी अशी करावी. खुर्चीवर बसून ती सर्वांत वर घ्यावी आणि दहा मिनिटे तशीच बसून राहावी. बैठक हळूहळू खाली येत असेल तर तिचा गॅसचा दांडा गेलेला आहे आणि तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. मग बैठक सर्वांत खाली घेऊन टेपने मोजावी. अनेक फिरत्या खुर्च्या ४२-४३ सेंटीमीटरच्या खाली येतच नाहीत, हे कमी उंचीच्या व्यक्तींनी ध्यानात ठेवावे. खुर्ची उलटी करून पाच पायांच्या सांध्यांना तडा गेला आहे का ते पाहावे आणि चाके हाताने फिरवून बघावीत. पाठीचा फुगवटा कमरेच्या खोबणीत बसतो की त्याच्या वर, हे पाठ पूर्ण मागे टेकवून पाहावे. हात ठेवण्याच्या दांड्या वरखाली होत नसतील आणि टेबलाच्या कडेला अडत असतील, तर त्या काढून टाकलेल्या बऱ्या, कारण त्या अडल्या की माणूस खुर्चीच्या पुढच्या कडेवर येऊन बसतो आणि पाठीचा आधार सुटतो.

अशी खुर्ची तूर्त शक्य नसेल तर जेवणाच्या टेबलाची बिनहाताची लाकडी खुर्ची घ्यावी. बैठकीवर दोन बोटे जाडीची कडक गादी ठेवावी आणि आंघोळीचा टॉवेल गुंडाळून, दोऱ्याने बांधून, कमरेच्या उंचीला पाठीवर लावावा. मऊ उशी नको. ती तासाभरात दबते. मागे कललेली प्लास्टिकची हाताची खुर्ची मात्र लॅपटॉपच्या कामासाठी मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही.

गादीवर लोड-तक्क्याला टेकून पुढे बैठे टेबल घेणे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. वाचन, फोन, हिशेब तपासणे यांसाठी दिवसातून तासभर तसे जरूर बसावे. सलग टंकलेखन तिथे करू नये, कारण स्क्रीन खाली राहते आणि पाठीचा बाक वाढत जातो.

चौथी पायरी : टेबल

घरात जेवणाचे टेबल किंवा मुलांचे अभ्यासाचे टेबल असेल तर नवे घेऊ नये. ते उंच पडत असेल तर कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी खुर्ची वर घ्यावी आणि अधांतरी राहिलेल्या पायांखाली आधार द्यावा. यासाठी आपल्याकडचा पाट उत्तम असतो. एक पुरत नसेल तर दोन पाट एकावर एक ठेवून खिळ्याने पक्के करावेत. दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील एवढी रुंदी हवी. फिरत्या खुर्चीच्या पायांवर पाय ठेवून बसण्याची सवय लागते, ती याने सुटते.

नवे टेबल करायचेच असेल तर १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा चार फूट बाय दोन फूट तुकडा घ्यावा. आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या पूर्ण शीटमधून असे चार तुकडे निघतात, त्यामुळे प्लायच्या दुकानात किंवा सुताराकडे उरलेला तुकडा अनेकदा स्वस्तात मिळतो. वरचा सनमायका चकचकीत घेऊ नये, कारण त्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडते. मंद आणि फिक्या रंगाचा घ्यावा. पुढची कड सुताराकडून गोल करून घ्यावी, म्हणजे मनगटाला काच बसत नाही. लोखंडी चौकोनी पाइपचे पाय जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतात, आणि त्याला उंची सांगताना प्लायची जाडी धरून एकूण माप सांगावे: कोपराची उंची वजा दोन-तीन सेंटीमीटर, कारण कीबोर्डला स्वतःची जाडी असते. बैठकीच्या समोर, टेबलाच्या खाली खण करू नये. कमी उंचीच्या टेबलाला खण लावला की मांड्यांना जागाच राहत नाही.

नवरा-बायको किंवा भाऊ-बहीण एकच टेबल आळीपाळीने वापरणार असतील तर माप उंच व्यक्तीचे धरावे. बुटक्या व्यक्तीला खुर्ची वर घेऊन पायाखाली पाट ठेवता येतो. उंच व्यक्तीला मात्र बुटक्या टेबलाशी वाकण्याखेरीज उपाय उरत नाही.

भिंतीला घडीचे टेबल लावण्याची कल्पना लहान घरात आकर्षक असली तरी आधी भिंत कशाची आहे ते विचारून घ्यावे. विटांची भिंत वजन पेलते. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत साधे रावळप्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे, कालांतराने ढिले होतात, आणि मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून उभारलेल्या, इमारतीत भिंत पूर्ण काँक्रीटची असल्यामुळे हॅमर ड्रिल लागतो व त्यासाठी सोसायटीची परवानगीही लागू शकते. भाड्याच्या घरात पायांचे टेबलच घ्यावे. घर बदलताना ते सोबत नेता येते.

पाचवी पायरी : लॅपटॉप उचलणे

लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे हात बरोबर ठेवले तर मान वाकते आणि मान बरोबर ठेवली तर हात वर जातात. यातून सुटण्याचा एकच मार्ग आहे: कीबोर्ड आणि माऊस वेगळे घेणे. वायरचा साधा जोड आठशे ते हजार रुपयांत मिळतो, आणि संपूर्ण मांडणीत एवढ्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही. ज्याच्याजवळ फक्त हजार रुपये आहेत त्याने ते इथे खर्च करावेत.

लॅपटॉप साधारण एक वीत उचलावा लागतो. त्यासाठी स्टँड विकत घेण्याची गरज नाही; जुने दिवाळी अंक, जाड वह्या किंवा मजबूत लाकडी खोके चालते. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या पातळीला किंवा किंचित खाली आली आणि हात सरळ पुढे केल्यावर बोटे स्क्रीनला जेमतेम टेकली, की उंची आणि अंतर दोन्ही जमले. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा असणाऱ्यांनी स्क्रीन यापेक्षा आणखी खाली ठेवावी, नाहीतर खालच्या काचेतून पाहण्यासाठी हनुवटी सतत वर उचलली जाते. लॅपटॉपच्या खालच्या आणि बाजूच्या झरोक्यांतून हवा खेळती राहिली पाहिजे. गोधडी किंवा उशी यांवर तो ठेवला की झरोके बंद होतात आणि यंत्र तापते. कीबोर्डच्या मागच्या बाजूचे छोटे पाय उघडू नयेत. त्यांनी कीबोर्ड तिरपा होतो आणि मनगट वरच्या दिशेने मोडते.

सहावी पायरी : उजेड

छताच्या मध्यावरचा एकच दिवा पाठीमागून उजेड देतो आणि टेबलावर बसणाऱ्याची सावली पाडतो. त्यासाठी ९ वॉटचा एलईडी बल्ब बसेल असा मान वळवता येणारा टेबल लॅम्प पाचशे रुपयांच्या आसपास घ्यावा आणि तो खिडकीच्या विरुद्ध बाजूला ठेवावा. बल्ब ४००० केल्विनचा, म्हणजे ना निळसर ना पिवळा, असा मागावा. लॅम्प असला तरी खोलीतील मोठा दिवा बंद करू नये; अंधाऱ्या खोलीत एकटी स्क्रीन उजळलेली असली की डोळे लवकर थकतात.

चकाकी शोधण्याची सोपी रीत अशी: लॅपटॉप बंद करून नेहमीच्या जागी बसावे आणि काळ्या स्क्रीनकडे पाहावे. त्यात ट्यूबलाइट, खिडकी किंवा देव्हाऱ्याचा दिवा दिसत असेल तर स्क्रीन थोडी वळवावी किंवा पडदा ओढावा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या एखाद्या वस्तूकडे वीस सेकंद पाहण्याचा डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला पाळणे लहान घरात अवघड जाते, कारण घरात वीस फूट सलग अंतरच नसते. खिडकी बाजूला ठेवण्याचा आणखी एक लाभ हा, की नजर सहज समोरच्या झाडापर्यंत किंवा इमारतीपर्यंत जाते.

सातवी पायरी : वीज आणि इंटरनेट

धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल तर बहुधा त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा चार्जर दोन पिनांचा आहे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणाऱ्या महागड्या स्पाइक गार्डचाही अर्थिंगशिवाय पूर्ण उपयोग होत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड आयएसआय चिन्हाचा घ्यावा, आणि त्यावर इस्त्री किंवा हीटर कधीही लावू नये, कारण ६ अँपिअरचा बोर्ड जास्तीत जास्त १,३०० वॉटच्या आसपास भार सोसतो.

वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो, हे घरून काम करणाऱ्यांचे खरे दुखणे आहे. पुणे परिसरात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवली जाते, आणि मोबाइल क्रमांक नोंदवलेला असेल तर महावितरणकडून त्याचा संदेश येतो. राउटरसाठी छोटा यूपीएस बारा-पंधराशे रुपयांत मिळतो व तीन-चार तास पुरतो. तो घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहावेत; बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचे, आणि चुकीचा जोड दिला तर राउटर जळू शकतो. घरात इन्व्हर्टर असेल तर हा खर्चही वाचतो: राउटर ज्या सॉकेटवर आहे ते इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला वायरमनला सांगावे. डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी इन्व्हर्टरचे बटण यूपीएसच्या बाजूला ठेवावे, अन्यथा वीज जाताक्षणी संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

इंटरनेटच्या बाबतीत डाउनलोडचा वेग सगळे पाहतात. अपलोडचा वेग पाहायला विसरतात. कॉलमध्ये आपला आवाज तुटतो तो अपलोडमुळे. स्पष्ट व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते टेबलापाशी मिळाले पाहिजेत. राउटर दारामागे चपलांच्या कपाटावर असेल आणि मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती असतील, तर योजना महाग करून काही साधणार नाही. भिंतीच्या कडेने कॅट-६ ची नेटवर्क वायर राउटरपासून टेबलापर्यंत ओढून घ्यावी. ती कितीही साधी दिसली तरी वायफायपेक्षा भरवशाची असते. ते जमत नसेल तर राउटरपासून दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचे आणि राउटर असलेल्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क वापरावे.

विजेच्या बिलाची भीती अनेकांना वाटते, म्हणून हिशेब मांडून पाहू. लॅपटॉप ५० वॉट, जुना पंखा ७५, बल्ब ९ आणि राउटर १० असे मिळून १४४ वॉट होतात. रोज आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सुमारे २९ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरचा टप्पा बराच महाग असतो, त्यामुळे ज्यांचा वापर नव्वदच्या आसपास आहे त्यांना हे २९ युनिट जाणवतील. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा सुमारे ३० वॉट घेतो आणि महिन्याला ९ युनिट वाचवतो. तेवढ्यासाठी चालू पंखा काढून टाकावा असे मला वाटत नाही, तो बिघडेल तेव्हा मात्र बीएलडीसीच घ्यावा. विदर्भ-मराठवाड्यात कूलर वापरणाऱ्यांनी त्याचा झोत लॅपटॉपवर येऊ देऊ नये, कारण ती हवा दमट असते.

आठवी पायरी : आवाज आणि घरची माणसे

कुकरच्या शिट्ट्या आणि भांड्यांचा आवाज थांबवता येत नाही. तोंडाजवळ येणारा माइक असलेला वायरचा हेडसेट सहा-सातशे रुपयांत घ्यावा, त्यात पुष्कळसा आवाज गाळला जातो. रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे जाड पडदा किंवा पाठीमागे टांगलेली गोधडी उपयोगी पडते. महत्त्वाच्या कॉलच्या वेळा सकाळीच फ्रिजवर लिहून ठेवाव्यात. घरातील ज्येष्ठांना आपण दिवसभर उपलब्ध नाही हे पटवायला वेळ लागतो, आणि दुपारच्या जेवणाला ठरलेल्या वेळी सर्वांबरोबर बसले तर ते लवकर पटते.

पैशांचा क्रम

सगळे एकदम घेऊ नये. पहिल्या आठवड्यात कीबोर्ड-माऊस, टॉवेलची गुंडाळी, पाट आणि दिवाळी अंक एवढ्यावरच काम करावे. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची शोधावी, मग टेबल, आणि दिवा व हेडसेट सोयीने. खुर्चीला ३,०००, टेबलाला २,५००, कीबोर्ड-माऊसला ९००, राउटरच्या यूपीएसला १,४००, हेडसेटला ६५०, लॅम्पला ५०० आणि बोर्ड-वायरीला ७०० धरले तर ९,६५० रुपये होतात. भाव गावागणिक वरखाली होतील, पण प्रमाण साधारण हेच ठेवावे. टेबल घरातलेच वापरता आले तर ती रक्कम खुर्चीत घालावी किंवा वापरलेला २२ इंची मॉनिटर पाहावा. दिवसभर मोठ्या एक्सेल शीटमध्ये काम करणाऱ्यांना मॉनिटरचा खरा लाभ होतो, इतरांनी थांबायला हरकत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांतली दुरुस्ती

मापे कितीही नीट घेतली तरी शरीर थोडे वेगळे सांगते, म्हणून दर संध्याकाळी कुठे दुखते ते लक्षात घ्यावे. मानेचा मागचा भाग दुखत असेल तर स्क्रीन खाली आहे. ती आणखी दोन दिवाळी अंकांच्या जाडीने वर घ्यावी. खांदे भरून येत असतील तर टेबल उंच आहे किंवा माऊस लांब पडला आहे. कंबर दुखत असेल तर टॉवेलची गुंडाळी बहुधा खाली घसरली आहे किंवा पाय लोंबकळत आहेत, आणि मांडीच्या मागे रग लागत असेल तर बैठक तुमच्या मापापेक्षा खोल आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस थांबावे. कोणतीही खुर्ची चार तास सलग बसण्यासाठी नसते, त्यामुळे पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरातच ठेवावी, म्हणजे तासातून एकदा उठणे होते. मात्र रात्री बोटे बधिर होऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असेल किंवा कमरेतून पायात कळ उतरत असेल, तर टेबल-खुर्चीत बदल करत बसू नये; आधी डॉक्टरांकडे जावे.